नर्सबाईंनी तोंड पाहायचं होतं

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा तरी तपासावं, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं 2016 साली लिहून दिलं. त्याला बरीच वर्षं झाली. अलीकडंच कर्नाटकातल्या निपाणीच्या विडी कामगारांच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडं आली. गालाच्या आत जखम, कित्येक महिने न भरलेली. तिच्या नावापुढं ‘तोंडाची तपासणी झाली’ अशी नोंद होती. ‘तोंड कुणी उघडायला सांगितलं होतं का?’ म्हणून विचारलं. ‘न्हाई बाई, नाव आन् वय इचारलं’, ती म्हणाली.

आधीची वर्षं भरभर सांगून टाकते. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखू उत्पादक निपाणीत महामार्गावर बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. पुढच्याच वर्षी इथल्या तंबाखू कामगार बायकांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. तंबाखूच्या भावाची चर्चा झाली, बायकांच्या मजुरीची झाली, त्यांच्या तोंडाची कधीच नाही. 1985 मध्ये बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय आलं, पुढं मराठा मंडळाचंही आलं. आम्हा नर्सिंगच्या मुलींना मात्र तोंडाविषयी शिकवलं ते एवढंच, की बेशुद्ध रुग्णाचं तोंड कसं पुसायचं.

खरं काम 2010 नंतरच्या दशकातलं. त्या दशकात मी नर्सेसना तोंड तपासायला शिकवत होते. बाईला उजेडाकडं तोंड करून बसवायचं. हातमोजे, बॅटरी, लाकडी पट्टी, गॉजचा तुकडा. आधी ओठ उलटून बघायचे, मग दोन्ही गाल, मग गाल आणि हिरडीमधली ती खाच, जिथं तंबाखू धरतात. जीभ गॉजनं धरून दोन्ही कडा पाहायच्या, जिभेखाली पाहायचं. पांढरा चट्टा पुसून जातो का? लाल आहे का? फोड दोन आठवड्यांहून जुना आहे का? शेवटी तिचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघायचं. जात नसली, तर सुपारीनं गाल आतून आखडायला लागलाय. हे सगळं दुखायच्या आधी दिसतं, आणि दुखत नाही म्हणूनच कुणी दाखवायला येत नाही.

‘दाताचं काम दाताच्या डॉक्टरांचं, नर्सला काय कळतंय’ असं तोंडावर सांगणारे तेव्हा भेटले. त्यांना तिरुवनंतपुरमचं उदाहरण माहीत असायला हवं होतं. तिथं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी, डॉक्टरांनी नव्हे, घरोघर जाऊन तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

शिवाय आमच्याकडच्या बायका परक्या पुरुष डॉक्टरपुढं पदर हलवत नाहीत. नर्सबाई ‘आक्का, आ करा की’ म्हणाली की हसत तोंड उघडतात. ‘तंबाखू खाता का’ याला त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. सकाळी तव्यावर भाजलेली मिश्री दाताला लावतात, ती त्या तंबाखूत धरत नाहीत. हे नर्सलाच ठाऊक, कारण तिच्याही घरात आई, आजी मिश्री लावत आलेली.

कोविड आला आणि हे तपासणीचं काम मोडलं. नर्सेस स्वॅब आणि लसीकरणाला गेल्या. परतल्या तेव्हा हातात बॅटरीऐवजी मोबाईल होता आणि रकाने भरायचं उद्दिष्ट होतं. तपासणी थांबली, पण 2013 मध्ये बंदी आलेला गुटखा इकडं सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्यांतून मिळतच राहिला.

आमचं सर्वांत मोठं दुखणं मात्र मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीचं. नर्सनं चट्टा ओळखला, चिठ्ठी लिहिली, पुढं काय? हजार विड्यांवर मजुरी मिळवणाऱ्या बाईला बेळगावला जायचं म्हणजे दिवस बुडाला. कोल्हापूर जवळ, पण राज्य दुसरं. आपलं उपचाराचं कार्ड तिथं चालेल का, या धास्तीनं ती जातच नाही. ती पोचली की नाही हे नर्सला कुणी कळवत नव्हतं, आजही कळवत नाही. रोगाचं निदान काय झालं हे जिला ऐकायलाच मिळत नाही, ती नर्स किती दिवस बॅटरी धरेल?

बेळगावातल्या दोन्ही दंत महाविद्यालयांना माझी विनंती आहे. ठरलेल्या वारी निपाणीत एक दंतवैद्य बसवा आणि त्यानं काय पाहिलं ते चिठ्ठीच्या पाठीवर लिहून त्याच नर्सकडं परत पाठवा. आणि वाचणाऱ्या बायांनो, नर्स नुसतं नाव लिहून निघाली, तर तिला थांबवा आणि म्हणा, आधी माझं तोंड बघा.