कर्नेलमधील स्मृती-बफरची गळती आणि तिचा शोध

४ नोव्हेंबर १९९२ च्या पहाटे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची संगणक यंत्रणा बंद पडली. चौकशीत कारण निघाले ते अगदी क्षुल्लक. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅममध्ये चुकून राहिलेल्या काही ओळी, रुग्णवाहिका रवाना होताना दर वेळी सर्व्हरची थोडी स्मृती घेत आणि परत करीत नसत. थेंबाथेंबाने स्मृती संपली. हा दोष एका प्रोग्रॅमपुरता होता. प्रोग्रॅम बंद केला की त्याने अडवलेली स्मृती ऑपरेटिंग सिस्टीम काढून घेते. तोच दोष खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलमध्ये असेल तर वसुली करणारा कोणी उरत नाही. संगणक पुन्हा सुरू करणे, एवढाच तात्पुरता उपाय राहतो.

नेटवर्कवरून येणारा-जाणारा मजकूर कर्नेल छोट्या कप्प्यांत ठेवतो. यांना बफर म्हणतात. १९८३ च्या ४.२ बीएसडी प्रणालीत हा कप्पा १२८ बाइटचा होता व त्याला 'एमबफ' हे नाव होते. पुढे फ्रीबीएसडीत तो २५६ बाइटचा झाला. मोठ्या मजकुरासाठी त्याला २०४८ बाइटची जोड मिळते. काम संपताच कप्पा परत करावयाचा असतो. तो परत झाला नाही की आपण 'गळती' म्हणतो. वास्तविक येथे काहीच बाहेर गळत नाही. कप्पा जागच्या जागी अडकून पडतो. 'थकबाकी' हा शब्द अधिक नेमका ठरला असता.

थकबाकी ओळखावी कशी? फ्रीबीएसडीत 'नेटस्टॅट' आज्ञेला 'एम' हा पर्याय जोडला की वापरातील कप्पे आणि नाकारलेल्या मागण्या दिसतात. परंतु एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. भर कामाच्या वेळी आकडा वाढणारच. आदिलाबादमधील एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा सायंकाळी बंद झाल्यावर सर्व्हरचा आकडा किती खाली येतो, ते रोज टिपावे. ती तळपातळी दिवसेंदिवस चढत असेल तर संशयास जागा आहे. अशा वेळी कप्प्यांची कमाल मर्यादा वाढवून देण्याचा मोह होतो. त्याने बंद पडण्याचा दिवस पुढे जातो, इतकेच.

यानंतर एकेक क्रिया वेगळी करून पाहावी. विशेषतः अपयशाच्या वाटा तपासाव्यात, कारण दोष बहुधा तेथेच दडलेला असतो. कर्नेलने बफर घेतला, पुढची पायरी फसली, आणि फंक्शन बफर परत न करताच मागे फिरले. सर्व सुरळीत चालते त्या वाटेची चाचणी सगळेच घेतात. फसण्याच्या वाटेकडे सहसा कोणी पाहत नाही. केबल काढून-घालून किंवा मुद्दाम चुकीचे संदेश पाठवून ती चालवून पाहावी लागते.

लिनक्समध्ये २००९ च्या २.६.३१ आवृत्तीपासून 'केमेमलीक' हे साधन आहे. ते दिलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवते आणि ठरावीक काळाने स्मृती चाळून पाहते. ज्या तुकड्याचा पत्ता आता कोठेच आढळत नाही, तो बेवारस समजून कळवते. तो कोणत्या फंक्शनमार्गे मागितला गेला तेही सांगते. येथे सावध राहावे. उसने कोणी घेतले हे कळते, परत करायला कोण विसरला हे कळत नाही. शिवाय एखाद्या यादीत अकारण पडून राहिलेला बफर या साधनाला सापडत नाही, कारण त्याचा पत्ता यादीत असतोच. तेथे पुन्हा आकडेच मोजावे लागतात. कर्नेलची बांधणी करतानाच हे साधन समाविष्ट करावे लागते आणि त्याने यंत्र मंदावते. म्हणून ते चाचणीच्या यंत्रावरच वापरणे इष्ट.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते, पण ती घाईने करू नये. अनेकदा एकच बफर दोन भाग मिळून वापरतात व किती जणांना तो हवा आहे याची मोजणी ठेवली जाते. मोजणी एकदा जास्त घटली तर वापरात असलेलाच कप्पा दुसऱ्याच्या हाती जातो. गळतीने यंत्र हळूहळू थांबते, या चुकीने मजकूरच बिघडतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर अपयशाची तीच वाट पुन्हा हजारो वेळा चालवावी आणि तळपातळी मूळ जागी येते का, ते पाहावे.