केस का गळले, हे शोधायला पैसे कोण देणार?

२०२४ साल सरत आलं होतं. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचं डोकं खाजायला लागलं. कुणाला ताप आला, कुणाचं डोकं दुखलं, कुणाला मळमळलं. मग केसांतून हात फिरवला की पुंजकाच हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. २० जानेवारीपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. त्यांत आठ वर्षांची लेकरं होती आणि सत्तरी ओलांडलेली माणसंही. काही पोरांनी सरळ मुंडण करून घेतलं. ठरलेल्या सोयरिकी मोडल्याच्याही बातम्या आल्या. वर्तमानपत्रांनी याला ‘टक्कल व्हायरस’ म्हटलं, पण तो व्हायरस नव्हताच.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि ते साहजिकच होतं. पूर्णा नदीच्या आजूबाजूचा हा सारा खारपाणपट्टा, विहिरी-बोअरचं पाणी इथं पिढ्यान्‌पिढ्या खारट. तपासणीत नायट्रेटही जास्त निघालं. पण खारं पाणी काही गेल्या महिन्यात आलेलं नव्हतं, आणि नायट्रेटनं चार दिवसांत डोकं रिकामं होत नाही. मग इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची पथकं आली. रक्त, लघवी, केस, पाणी, माती यांचे नमुने गोळा झाले.

याच सुमारास आणखी एक माणूस कामाला लागला होता. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. दवाखाना मात्र तिकडे रायगडातल्या महाडला. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट मरायची, त्या काळात त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. चाळीसेक टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं, आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकानं महाडच्या त्या नोंदी छापल्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असा हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर शेगावच्या गावांत गेला, रुग्ण पाहिले, नमुने घेतले आणि पदरचे पैसे घालून ते प्रयोगशाळेत तपासून घेतले.

निघालं ते सेलेनियम. रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट. जस्त मात्र कमी. मग गव्हाचा नंबर लागला. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम मिळालं. तोच गहू धुऊन पाहिला तर १३.६१. या दोन आकड्यांतला फरक किती थोडा आहे, पाहा. विष वरून लागलेलं असतं तर पाण्यानं वाहून गेलं असतं. ते दाण्याच्या आत होतं, म्हणजे रोपानंच ते मुळांवाटे मातीतून ओढून घेतलं होतं. बावस्करांचं म्हणणं असं की हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. पंजाबात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याला, नवांशहर-होशियारपूरच्या बाजूला, सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत हे शास्त्रज्ञांना काही दशकांपासून माहीत आहे. तिथला चारा खाऊन जनावरांचे केस गळाल्याच्या आणि खूर सुटल्याच्या नोंदी आहेत.

रोप असं करतंच का? सेलेनियम आणि गंधक एकाच कुटुंबातली मूलद्रव्यं. रोपाची मुळं गंधक आत घेतात त्याच वाटेनं सेलेनियम शिरतं, आणि प्रथिनं घडताना गंधकाच्या जागी जाऊन बसतं. माणसाच्या अंगातही ही अदलाबदल होते. केस आणि नखं केराटिन या प्रथिनाची. केराटिनला बळकटी येते ती गंधकाच्या अणूंनी एकमेकांशी बांधलेल्या गाठींमुळे. त्या गाठींत भलताच अणू शिरला की केस मुळाशीच कमकुवत होतो, असं मानलं जातं. आणखी नवल म्हणजे हेच सेलेनियम आपल्याला हवंही असतं. चीनमध्ये केशान भागात ते मातीतच कमी होतं, तर तिथं मुलांची आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांची हृदयं निकामी व्हायची. दिवसाला साधारण ५० मायक्रोग्रॅम पुरे, ४०० च्या पुढे धोका. आता शेगावच्या त्या गव्हाचा हिशेब करा. दिवसाची सारी गरज जेमतेम चार ग्रॅम पिठात भागते. माणूस खातो तीनशे ग्रॅम. म्हणजे पोटात जातं ४,३०० मायक्रोग्रॅमच्या वर, धोक्याच्या रेषेच्या दहा पटींहून जास्त!

हे जगात पहिल्यांदा घडलं असंही नाही. चीनच्याच हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ दरम्यान गावंच्या गावं केस आणि नखं गमावत होती. दुष्काळानं भात बुडालं, लोक मका आणि भाजीपाल्यावर आले, आणि ती पिकं उभी होती सेलेनियमयुक्त दगडी कोळशाच्या मातीत. हा सगळा उलगडा जगापुढे सविस्तर मांडला गेला तो १९८३ साली. मधली वीस वर्षं विचार करण्यासारखी आहेत.

कारण दुर्मिळ आजाराची खरी अडचण तिथंच आहे. औषधकंपनीला त्यात गिऱ्हाईक नाही. सरकारी अनुदानाला प्रस्ताव लागतो, नीतिसमितीची मंजुरी लागते, तज्ज्ञांची छाननी लागते. हे सगळं योग्यच आहे, पण त्याला महिने लागतात. पुरावा तेवढा थांबत नाही. रक्तातलं सेलेनियम आठवड्यांत उतरू लागतं, गहू दळला जातो, पोती रिकामी होतात. अशा वेळी पहिल्या पंधरवड्यात खर्चायला मोकळा पैसा ज्याच्याकडे असतो, त्यालाच उत्तर सापडण्याची शक्यता असते. बुलढाण्यात तो पैसा एका डॉक्टरच्या खिशातून आला. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो, आणि त्याच वेळी हेही खटकतं की एवढ्या मोठ्या समाजाला त्यांच्या खिशावर अवलंबून राहावं लागलं.

दान काय असतं हे शेगावला कुणी शिकवायला नको. गजानन महाराज संस्थानाचे दवाखाने, भक्तनिवास, शाळा-कॉलेजं भाविकांच्या पैशावर उभी आहेत. पण आपल्याकडे दान जातं ते अन्नाला, औषधाला, खाटेला. समोर रुग्ण दिसला की हात सैल होतो. उत्तर मिळेलच याची खात्री नसलेल्या प्रश्नाला दान द्यायची सवय आपल्याला लागलेली नाही. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण पाहा. ठरावीक आजारांना, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या निवडक केंद्रांत, ५० लाखांपर्यंत मदत आणि लोकवर्गणीसाठी एक पोर्टल. त्यात संशोधनाचाही उल्लेख आहे, पण जनतेपुढे झोळी पसरली जाते ती उपचारासाठीच.

तरीही मुंबईनं एकदा वेगळं करून दाखवलं आहे. १९३१ साली मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं गेल्या. तेव्हा हा आजार बरा करणारं औषध नव्हतं, दिशाही नव्हती. पती दोराबजी टाटांनी १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला आणि ठरवून दिलं की उत्पन्नाचे पाचातले चार हिस्से जगातल्या कुठल्याही देशातल्या ल्युकेमियावरच्या संशोधनाला जावेत. पाचवा हिस्सा भारतातल्या संशोधनाला. त्याच वर्षी ते स्वतःही गेले. ल्युकेमियाच्या मुलांना काही काळ का होईना आराम पडल्याचं अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर यांनी दाखवलं ते १९४८ साली, ट्रस्टनंतर सोळा वर्षांनी. म्हणजे दोराबजींनी पैसा ठेवला तेव्हा समोर औषध नव्हतं, होता तो फक्त प्रश्न. ट्रस्टची अनुदानं आजही चालू आहेत.

बुलढाण्याला एवढा मोठा ट्रस्ट लागणार नाही. जिल्ह्यात कुठंही अनोळखी आजार दिसला की त्याच आठवड्यात नमुने घ्यायला, ते गोठवून ठेवायला आणि तपासायला पुरेल असा छोटा निधी, आणि तो कुणाला द्यायचा हे आधीच ठरवून ठेवलेली तज्ज्ञांची एक समिती, एवढं झालं तरी खूप होईल.

असा निधी केवळ पहिल्या आठवड्यापुरता नको, हेही याच गावांनी दाखवलं. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या लोकांची नखं वाकडी होऊ लागली, काहींची गळाली. डोक्यावर केस परत येत होते, मग हे काय नवीन, म्हणून लोक घाबरले. पण नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. डिसेंबर-जानेवारीत मुळाशी बिघडलेलं नख नजरेत भरायला तेवढे महिने लागणारच. त्या २७९ जणांच्या नसांवर, यकृतावर, वाढत्या मुलांच्या हाडांवर काही उमटलं का, हे समजायला दर सहा महिन्यांनी रक्त तपासावं लागेल, पुढची कित्येक वर्षं, आणि तो खर्च कुणीतरी आजच बाजूला काढून ठेवायला हवा.