मोठा मुतखडा : निदान आणि शस्त्रक्रिया

मुतखड्याचें नांव निघालें, कीं श्रोत्यांस आठवतात त्या कमरेंतून जांघेंत उतरणाऱ्या कळा. पण या कळा बहुधा लहान खड्याच्या. मुगाएवढा खडा मूत्रवाहिनींत अडकतो, रोग्यास गडबडां लोळावयास लावतो, आणि पुष्कळदां आपला आपणच पडून जातो. मोठ्या खड्याची तऱ्हा निराळी. सांबरशिंगाप्रमाणें फांटे फुटून तो सबंध मूत्रपिंड व्यापतो; तरी मंद ठणका, अधूनमधून ताप किंवा लघवींतून रक्त, यापलीकडे रोग्यास बहुधा कांहीं जाणवत नाहीं. दुखणें थांबलें म्हणजे खडा गेला, ही समजूत येथें घातक ठरते. कारण आंत मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असतें.

खड्यावर शस्त्र चालविण्याचा उपाय प्राचीन, पण तो मूत्राशयापुरता. गुदद्वारांत बोटें घालून खडा खालीं आणावा व शिवणीच्या डाव्या बाजूस जवभर अंतर सोडून छेद घ्यावा, असें सुश्रुतानें सांगितलें. आणि रोगी दगावण्याची भीति जाणून, आधीं राजाची अनुज्ञा घ्यावी असेंही बजावलें. पॅरिस येथें १८२४ सालीं सिव्हियाल यानें मूत्रमार्गांतूनच हत्यार घालून, न कापतां, खडा फोडला. पुढें १८७८ त बोस्टनच्या बिगेलो यानें एकाच बैठकींत खडा फोडून चुरा धुऊन काढण्याची रीत बसविली. मुलांच्या अरुंद मूत्रमार्गांत ती चालावयाची नाहीं, असा पुष्कळांचा ग्रह होता. इंदूर रेसिडेन्सीचे डॉ. कीगन यांनीं ती मुलांवरच यशस्वी करून दाखविली.

निदानासाठीं पूर्वीं पोलादी सळई मूत्राशयांत घालून खड्यावर आपटण्याचा आवाज ऐकत. १८९५ त क्ष-किरण सांपडले, तरी युरिक आम्लाचा खडा त्यांच्या साध्या चित्रांत दिसत नाहीं. आज सीटी स्कॅनमध्यें तो दिसतो. शिवाय त्याचा आकार, जागा आणि मूत्रपिंडास आलेली सूज यांचीही कल्पना येते. लघवींत जंतु आहेत कीं काय, हें पाहणें तितकेंच महत्त्वाचें. जंतुयुक्त खडा औषध दिल्यावांचून फोडला, तर विष रक्तांत भिनून प्राणावर बेततें.

मूत्रपिंडांतील खडा दोन सेंटिमीटरांहून मोठा असल्यास बहुधा पाठीवर बोटभर रुंदीचा छेद घेऊन, तेथून दुर्बीण आंत घालून तो फोडतात व काढतात. ही रीत १९७६ सालीं स्वीडनमध्यें प्रसिद्ध झाली. बाहेरून धक्के देऊन खडा फोडणारें यंत्र १९८० त म्यूनिक येथें प्रथम वापरलें गेलें. पण मोठ्या खड्याचे तुकडे मूत्रवाहिनींत रांगेनें अडकून तीच बंद करतात, म्हणून तेथें तें एकटें पुरत नाहीं. मूत्रपिंड अगदींच निकामी झालें असेल, तर तें काढणें भाग पडतें. जंतूंमुळें झालेल्या खड्याचा एखादा कण मागें राहिला, तरी त्यावर पुन्हां थर चढूं लागतात. यास्तव शस्त्रक्रियेनंतरही चित्र काढून पाहावें लागतें.