अंड्यातून बाहेर कोण येणार?

मुळशी तालुका आंबेमोहोर भातासाठी नावाजलेला आहे. या भाताचा एक मोठा शत्रू म्हणजे पिवळा खोडकिडा. त्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांवर तपकिरी केसांचे आवरण घालते. साधारण आठवड्याने अळ्या निघून खोडात शिरतात. मग कोवळ्या रोपाचा गाभा सुकतो; याला गाभेमर म्हणतात. पुढे निसवताना हल्ला झाला तर लोंब्या पांढऱ्या, पोचट राहतात. अळी खोडात शिरली की फवाऱ्यापासून बरीचशी सुरक्षित होते. म्हणून तिला अंड्यातच गाठणे चांगले.

हे काम ट्रायकोग्रामा करते. ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. माणसाला डसत नाही. मादी पतंगाच्या अंड्याला भोक पाडून आत आपले अंडे घालते. तिची अळी आतला जीवनरस खाऊन वाढते आणि आठ-दहा दिवसांनी तिथून नवी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. ऊ आपल्याला मारत नाही. हे परोपजीवी कीटक मात्र आश्रय देणाऱ्याचा जीव घेतात.

प्रयोगशाळेत ही माशी धान्यातील पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात. त्या अंड्यांतून अळ्या निघू नयेत म्हणून ती आधी अतिनील किरणांखाली ठेवतात. अशी अंडी चिकटवलेला कागद म्हणजे ट्रायकोकार्ड. भातासाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम ही जाती वापरतात. लावणीनंतर सुमारे महिन्याने सुरुवात करून, आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने, दर वेळी हेक्टरी 50,000 माश्या सोडण्याची शिफारस आहे. कार्डाच्या पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूस टाचाव्यात.

मात्र याला मर्यादा आहेत. पुंजक्यात अंडी थरांनी असतात, त्यामुळे खालची अंडी अनेकदा सुटतात. टेलेनोमस व टेट्रास्टिकस हे शेतात आधीपासून असलेले परोपजीवी तिथे उपयोगी पडतात. पण कार्डे लावून लगेच जहाल कीटकनाशक फवारले, तर विकतचे आणि घरचे, दोन्ही मित्र मरतात. म्हणून फवारणीआधी शेतातले मित्र मोजावेत, असे आम्ही सुचवतो.

ही मोजणी शाळेतही करता येईल. लावणीपूर्वी खुडलेल्या शेंड्यांवरचे पुंजके मुलांना आणायला सांगा. प्रत्येक पुंजका वेगळ्या परीक्षानळीत ठेवून कापसाचा घट्ट बोळा लावा. दहा-बारा दिवस भिंगातून रोज पाहा. किती अळ्या निघाल्या, किती माश्या, ते मांडा. अळ्या नष्ट करा, माश्या शेतात सोडा. आणि तो तक्ता मुलांना घरी दाखवायला सांगा.