मालगुजारी तलावांतील मासळी : रूढ समज आणि वस्तुस्थिती

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव, ज्यांपैकी अनेकांच्या पाळी कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधल्या आणि जे १९५१ साली मालगुजारी ही महसूलवसुलीची जमीनदारी पद्धत संपुष्टात आल्यावर सरकारजमा झाले, त्यांतील मासेमारीविषयी कचेरीपासून चावडीपर्यंत रूढ असलेला पहिला समज असा की, बीज जितके अधिक सोडावे तितकी मासळी अधिक निघते. वस्तुतः तलावात जेवढे खाद्य उपजते तेवढीच मासळी पोसली जाते; बोटुकली दुप्पट सोडली तर उत्पन्न दुप्पट न होता जाळ्यात खुरटे मासे तेवढे वाढतात.

रोहू, कटला आणि मृगळ हीच काय ती किमती मासळी, बाकीची क्षुल्लक, हा समज त्याहून घातक आहे. या तिन्ही वाहत्या नदीच्या जाती असून साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या वर्गातील माशांचे प्रजनन साधले, त्यामुळे बीज मुबलक झाले खरे. पण ते विकतच घ्यावे लागते. मरळ मात्र त्याच तलावात, काठच्या वनस्पतींच्या आडोशाला, कोणाच्याही अनुदानावाचून विते. पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागी तांबूस पिलांचा पुंजका हेलकावताना दिसतो आणि त्याच्या खाली मायबाप राखण करीत असतात. तो पुंजका हेरून त्यांनाच टिपणारा मनुष्य एका मरळीच्या लोभाने अवघे पोर इतर माशांच्या तोंडी देतो. विणीच्या दिवसांतील मासेमारीबंदीला निव्वळ नुकसान म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पाणवनस्पती म्हणजे सरसकट केर, असे मानून गवत्या मासा सोडणारेही आहेत. बेशरम हे उपरे झुडूप काढलेच पाहिजे. परंतु देवधानासारख्या देशी वनस्पती ही देशी मासळीची प्रसूतिगृहे होत, आणि म्हणूनच भंडारा-गोंदियातील धीवर या मासेमार समाजाच्या स्त्रियांनी काही तलावांत बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या.

सर्वांत मोठ्या बोलीला मासेमारीचा ठेका दिला की सार्वजनिक हित साधले, या समजाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अल्प मुदतीचा ठेकेदार पुढच्या सालाची निगा कशाला राखील? खरा प्रश्न पाण्याच्या वाटणीचा आहे. धानाला पाणी हवे तेव्हा तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार, उघडते, आणि तळाशी किती पाणी राखावयाचे हे ठरविताना शेतकऱ्यांच्या बैठकीस धीवरांच्या सहकारी संस्थेचा माणूस नसेल, तर उन्हाळ्यापर्यंत ना बीज उरते ना मरळ.