कार्डाचे देणे आणि कोर्टाचे समन्स



क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी बँकेने दावा लावला की समन्स येते. ते घेतलेच नाही म्हणजे बला टळली, असा समज कामगारवस्तीत मला नेहमी आढळतो. हा समज घातक आहे. समन्स नाकारले तरी ते बजावले गेले असे कोर्ट धरू शकते. मग आपल्या पाठीमागे एकतर्फी हुकूमनामा होतो.

महाराष्ट्राला हे दुखणे नवे नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि कर्जरोखे जाळले. पुढे चौकशी झाली, तेव्हा पुष्कळ हुकूमनामे एकतर्फी होत असल्याचे दिसून आले. कुळ कोर्टाची पायरी चढतच नसे. म्हणून 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशावर असे बंधन घातले, की रोख्यावरच्या आकड्यावर न विसंबता हिशेब मुळापासून तपासावा. आपला परभणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात; त्यास तो कायदा लागू नव्हता. आज कार्डाच्या दाव्यात हिशेब तपासून मागण्याचे काम प्रतिवादीलाच करावे लागते.

तेव्हा समन्स घ्यावे, तारीख टिपावी आणि दावा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. साधा दावा असेल तर 30 दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची. कोर्टाने मुदत वाढविली तर ती 90 दिवसांपर्यंत मिळते. समरी दावा असेल तर 10 दिवसांत हजेरी नोंदवावी. नंतर निकालासाठी दुसरे समन्स येते, त्यापासून 10 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी.

कैफियतीत ‘सर्व खोटे’ असा मोघम नकार उपयोगाचा नाही. तो कबुलीसारखा धरला जाऊ शकतो. कलमवार उत्तर द्यावे. करारपत्र आणि दरमहाची बिले मागावी; खरेदी किती, व्याज किती, दंड किती, हे वेगळे करून घ्यावे. संगणकातून काढलेल्या हिशेबाला भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे दाखला लागतो. तो जोडला आहे का ते पाहावे. व्याज भारी आहे एवढ्यावर मात्र विसंबू नये. 30 टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला.

दुसरा मुद्दा मुदतीचा. अशा वसुलीस 1963 च्या मुदत कायद्याने 3 वर्षे दिली आहेत. परंतु ती संपण्यापूर्वी आपण लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून वसुलीवाल्याने ‘पाचशे तरी भरा’ म्हटले, तर भरण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

देणे खरे असेल तर लोकअदालतीत हप्ते ठरवून घेता येतात. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही. रक्कम नीट वाचूनच सही करावी. आणि एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

देणे असेल ते द्यावेच. पण किती द्यावयाचे, हे आपण हजर असताना ठरले पाहिजे.