हेक्टर-आर आणि एकर-गुंठा

सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेले असते. देवणीच्या बाजारात, बांधावर व सोयरिकीच्या बैठकीत मात्र एकर-गुंठाच चालतो. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी हे जुने माप सुटत नाही. शेतकरी अडाणी म्हणून, असे कित्येक म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. त्याच शेतकऱ्याने शेर-पायली सोडून क्विंटल धरलाच की! अडतीवरचा काटा बदलला, भाव क्विंटलवर निघू लागला, तेव्हा माप आपोआप बदलले.

जमिनीचे तसे झाले नाही. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. चाळिसाचे निमे, पाव व अष्टमांश पूर्णांकात येतात, म्हणून भावांच्या वाटण्या तोंडी होतात. नांगरटीचे भाडे व खुरपणीचे गुत्ते एकरावरच ठरते. सोयाबीनच्या बियाण्याची शिफारस हेक्टरी ७५ किलोची, पण पिशवी बहुधा ३० किलोची येत आली, म्हणजे नेमकी एकराची! शिवाय पलीकडचा बीदर जिल्हा १९५६ पर्यंत आपल्यासह हैदराबाद राज्यात होता. तेथील पहाणीत क्षेत्र अद्याप एकर-गुंठ्यांतच लिहितात. ज्यांची जमीन दोन्हीकडे आहे, त्यांनी कोणते माप सोडावे?

येथवर आमची काही हरकत नाही. घात होतो तो आर म्हणजेच गुंठा असे धरल्याने. आर १०० चौरस मीटरांचा, गुंठा १०१.१७ चा. ८० आर जमीन दोन एकर समजून घेणाऱ्यास सुमारे हजार चौरस फूट कमी मिळतात. रानात हे किरकोळ वाटेल, गावठाणालगत वाटणार नाही. याहून मोठा घोटाळा टिंबाचा. आपल्या लिहिण्यात १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर. उताऱ्यावर तोच आकडा एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर!

यास्तव इसारपावती करतेवेळी दोन्ही मापे अक्षरी लिहून घ्यावीत. हिशेब सोपा आहे: हेक्टरास २.४७१ ने गुणावे म्हणजे एकर येतात. टिंबापुढील अपूर्णांकास ४० ने गुणावे म्हणजे गुंठे. वरील १.२० हेक्टरांचे २.९६५ एकर होतात, म्हणजे दोन एकर साडेअडतीस गुंठे व वर थोडे.